लेसर-कर्तन यंत्राची खरी शक्ती व ती अल्प खर्चात मोजण्याची रीत

पदव्युत्तर अभ्यासक्रम पुरा करून वाशीम जिल्ह्यातील रिसोड येथे नामफलक, चषक, लाकडी तोरणे व लग्नपत्रिका कापून देण्याचा छोटासा व्यवसाय मांडलेल्या एका माजी विद्यार्थ्याने आमच्या विभागाकडे एक प्रश्न पाठविला. कर्ज काढून त्याने जे लेसर-कर्तन यंत्र घेतले त्यावर ‘४० वॅट’ असा शिक्का होता. हिवाळ्यात तीन मिलिमीटर जाडीचे ॲक्रिलिक एका फेरीत कापणारे ते यंत्र वैशाखात दोन फेऱ्यांतही काम पुरे करीना. विक्रेत्याचे म्हणणे असे की, यंत्र ठीक आहे, चालविणाराचा हात अद्याप बसलेला नाही. विद्यार्थ्याचा प्रश्न एवढाच होता : दोष हाताचा की यंत्राचा, हे रिसोडला बसून, लेसर-शक्तिमापक विकत न घेता, ठरविता येईल काय?

येईल, असे त्याचे उत्तर आहे. आणि तेही शेकडा चार-पाचांच्या अनिश्चिततेच्या आत. त्यासाठी ॲल्युमिनियमचा एक गोळा, बारा व्होल्टची बॅटरी, एक रोधक, एक तापमापक व एक घड्याळ एवढी सामग्री पुरे. रीतीत असे काहीच नाही की जे बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत उष्णतामापीवर काम केलेल्या विद्यार्थ्याला अपरिचित असावे. आपण उष्णतामापन पहिल्या वर्षी शिकवितो, दुसऱ्या वर्षी विसरतो, आणि लेसर आला की तो एखादा वेगळाच विषय आहे अशा थाटात नवे उपकरण शोधू लागतो. प्रस्तुत लेखात त्या विस्मृत प्रयोगालाच नव्या कामास लावले आहे.

वॅट कशाचे?

शिक्क्यावरील आकडा नेमका कशाचा आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे. छंद म्हणून वा लहान धंद्यासाठी घेतली जाणारी यंत्रे दोन जातींची असतात. पहिलीत अर्धसंवाहक डायोडापासून सुमारे ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश मिळतो. दुसरीत कार्बन डायऑक्साइड वायूच्या बंद काचनळीत विद्युत् विसर्जन घडवून १०·६ मायक्रोमीटरचे अवरक्त प्रारण मिळविले जाते. फसगतीचे प्रकार दोहोंत भिन्न आहेत.

डायोडाच्या यंत्रावर पुष्कळदा प्रकाशाची शक्ती न छापता यंत्र विजेच्या मंडलातून किती शक्ती ओढते तो आकडा छापलेला असतो, आणि कधी कधी तोही नसून केवळ प्रतिकृतीचे नाव असते. सध्या प्रचारात असलेला एक निळा डायोड सुमारे पाच वॅट प्रकाश देतो. त्याहून अधिक शक्ती हवी असल्यास दोन, चार वा अधिक डायोडांचे झोत भिंगांनी व आरशांनी एकत्र आणावे लागतात. सबब एकाच डायोडाच्या डोक्यावर ‘४० वॅट’ असे लिहिलेले आढळले तर त्यातले पस्तीस वॅट उष्णतेच्या रूपाने पंख्याच्या वाऱ्यावर जातात, असे समजण्यास हरकत नाही. विक्रेता खोटे बोलत नाही. वॅट कशाचे, एवढेच तो सांगत नाही. झोताच्या धोक्याचा इशारा देणाऱ्या पट्टीवरील आकडाही या कामी निरुपयोगी होय, कारण ती कमाल मर्यादा असते, मिळण्याची हमी नव्हे.

वायूच्या नळीची गोष्ट निराळी. तिच्यातून निघणारी शक्ती स्थूलमानाने विसर्जनाच्या लांबीवर अवलंबून असते. बंद नळीत दर मीटरला सुमारे पन्नास वॅट हा व्यवहारी आडाखा आहे. सातशे मिलिमीटर लांबीच्या ज्या नळीवर ‘४०’ लिहिलेले असते तिच्याकडून या हिशेबाने तीस ते पस्तीस वॅटांचीच अपेक्षा धरावी. प्रवाह वाढवून काही काळ चाळीसही काढता येतील, पण त्याची किंमत नळीच्या आयुष्यातून चुकती करावी लागते. म्हणून घरी नेताक्षणीच पट्टीने नळी मोजणे हे पहिले व संपूर्ण फुकटचे मापन होय.

या नळीचा इतिहास आपल्या जवळचा आहे. कार्बन डायऑक्साइड लेसरचे जनक चंद्रकुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामती येथे झाला; पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेऊन ते अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले व १९६१ पासून बेल प्रयोगशाळेत काम करू लागले. तेथे १९६४ साली त्यांनी या लेसरचे कार्य सिद्ध केले. आरंभी शुद्ध वायूतून मिळालेली शक्ती मिलिवॅटच्या घरातली होती. नायट्रोजनचे कंपित रेणू आपली ऊर्जा कार्बन डायऑक्साइडच्या वरच्या पातळीस जवळजवळ जशीच्या तशी देतात, हे ध्यानी घेऊन तो वायू मिसळण्यात आला. पुढे हेलियमची भर पडली. आणि काही वर्षांतच शक्ती शंभर वॅटांपलीकडे गेली. रिसोडच्या दुकानातील नळीत आजही हेच तीन वायू प्रामुख्याने असतात. हेलियमचे काम खालची पातळी रिकामी करणे व उष्णता भिंतीकडे वाहून नेणे हे आहे. वैशाखातील तक्रारीचे बीज येथेच असल्यामुळे त्याकडे पुढे परत यावे लागेल.

रूढ कसोट्यांतील उणिवा

शक्ती किती हे पाहण्यासाठी बहुतेक लोक लाकडाची फळी कापून पाहतात. छेदाची खोली शक्तीबरोबरच गती, केंद्रबिंदूची जागा, हवेचा झोत, लाकडातील ओल व थरांमधील डिंक या सर्वांवर अवलंबून असते. त्यामुळे कालच्या व आजच्या यंत्राची तुलना करण्यासही हा मार्ग कच्चा आहे. त्या मानाने ॲक्रिलिक बरे. ते जवळजवळ सर्वच वाफ होऊन जाते, व ठरावीक काळात घटलेले वजन शक्तीच्या प्रमाणात राहते. परंतु त्यासाठी मिलिग्रॅमची तुला लागते आणि प्रत्येक जातीच्या पत्र्यास गुणांक निराळा पडतो.

दुसरी लोकप्रिय कल्पना पेल्यातील पाण्याची. पाणी हे उष्णतामापनातील आद्य द्रव्य, म्हणून ती सुचणे स्वाभाविक आहे. मात्र येथे ते दोन्ही यंत्रांत दगा देते. १०·६ मायक्रोमीटरचे प्रारण पाण्याच्या पृष्ठभागाखाली शंभरांश मिलिमीटरच्या आसपासच शोषले जाते. परिणामी खालचे पाणी गार असतानाच वरचा थर उकळतो, आणि दर ग्रॅम वाफेबरोबर सुमारे २२६० ज्यूल ऊर्जा हिशेबाबाहेर निघून जाते. उलट निळ्या प्रकाशाला पाणी पारदर्शक असल्यामुळे तो तळ गाठून बाहेर पडतो. दोन्ही प्रसंगी उत्तर खरे असते त्याहून कमीच येते, आणि किती कमी हे सांगता येत नाही.

म्हणून घन धातू घ्यावा. लेथवाल्याकडे मिळणारा पन्नास मिलिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा दंड सुमारे पन्नास मिलिमीटर लांबीचा कापून घेतला, तर भोक पाडून उरलेले वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरते. ॲल्युमिनियमची विशिष्ट उष्णता दर ग्रॅमला दर अंशास सुमारे ०·९० ज्यूल आहे. म्हणजे गोळा एक अंशाने तापण्यास सुमारे २२५ ज्यूल लागतील. तीस वॅटचा झोत त्यावर एक मिनिट पडू दिला तर १८०० ज्यूल मिळून तापमान आठ अंशांनी वाढेल. एवढी वाढ दशांश अंश दाखविणाऱ्या कोणत्याही तापमापकावर स्पष्ट वाचता येते. डायोडाच्या पाच वॅटांसाठी मात्र हाच गोळा जड होतो. तेथे शंभर ग्रॅमचा गोळा व दोन मिनिटांचा अवधी घ्यावा.

ॲल्युमिनियमची निवड केवळ स्वस्ताईसाठी नाही. त्याची उष्णतावाहकता उत्तम असल्याने एका ठिकाणी दिलेली उष्णता वीस-तीस सेकंदांत सर्व गोळ्यात समान पसरते, आणि तापमापक कोठे खोवला याला महत्त्व उरत नाही. तांबे याहूनही सरस, पण भाव निराळा. लोखंड टाळावे.

सूर्याच्या मापनातून घेतलेली युक्ती

येथवरचा हिशेब वजन व विशिष्ट उष्णता यांवर उभा आहे. परंतु भंगारातून आणलेला तुकडा शुद्ध ॲल्युमिनियमचा की मिश्रधातूचा? त्यावर बसविलेले स्क्रू, तापमापकाचे टोक, खालचा लाकडी आधार हे किती उष्णता पितात? आणि मापनकाळात हवेत किती जाते? या सर्व शंका एकेक करून सोडवीत बसण्याचे कारण नाही. लेसरची उष्णता द्यावी, नंतर त्याच गोळ्यास विजेने उष्णता द्यावी, आणि दोहोंची तुलना करावी. वीज किती दिली हे व्होल्टमापक व अँपिअरमापक यांवरून अचूक कळते, व वरील अज्ञात राशी दोन्ही प्रयोगांत समान असल्याने निघून जातात.

हे विद्युत् प्रतिस्थापनाचे तत्त्व लेसरहून पुष्कळ जुने आहे. स्वीडनचे क्नुट ऑंगस्ट्रॉम यांनी १८९३ साली रचलेल्या सौर प्रारणमापकात काळवंडलेल्या दोन सारख्या धातुपट्ट्या असत. एकीवर ऊन पडे, दुसरी सावलीत ठेवून विजेने तापविली जाई. दोहोंचे तापमान समान झाले की विजेची शक्ती हीच उन्हाची शक्ती. भारतीय हवामान खात्याचे सौर प्रारणाच्या मापनाचे केंद्र पुण्यास आहे, आणि तेथील परंपरेत या उपकरणाला मानाचे स्थान राहिले आहे. भर दुपारी लंबरूप पडणारे ऊन दर चौरस मीटरला हजार वॅटच्या आसपास असते. रिसोडच्या गच्चीवरील दोनशे मिलिमीटर लांबीरुंदीच्या फरशीवर म्हणजे चाळीस वॅट. लेसर तेवढेच चाळीस वॅट टाचणीच्या टोकावर आणतो. मोजणाऱ्याला हा फरक नाही. त्याला दोन्ही ठिकाणी ज्यूलच मोजायचे आहेत.

विजेच्या उष्णतेसाठी ॲल्युमिनियमच्या कवचातील, ४·७ ओहमचा व पन्नास वॅट सोसणारा तारेचा रोधक घेऊन तो गोळ्याच्या पाठीवर स्क्रूने घट्ट बसवावा. मोटारीची बारा व्होल्टची बॅटरी जोडली की त्यात तीस वॅटांच्या आसपास शक्ती खर्च होते. लेसरकडूनही साधारण तेवढीच अपेक्षित असल्याने तुलना सारख्याची सारख्याशी होते. रोधक दोन्ही प्रयोगांत गोळ्यावर असलाच पाहिजे. लेसरच्या वेळी फक्त तारा मोकळ्या ठेवाव्यात.

झोत पकडण्याचा सापळा

प्रतिस्थापनाने एक शंका मात्र सुटत नाही, आणि तीच सर्वांत नाजूक आहे. विजेची उष्णता शेकडा शंभर गोळ्यात जाते; प्रकाशाची तशी जात नाही. उघड्या ॲल्युमिनियमवरून १०·६ मायक्रोमीटरचे प्रारण जवळजवळ सर्वच परावर्तित होते. असा चकचकीत तुकडा झोतात धरणे हे मापनाच्या दृष्टीने निरर्थक तर आहेच, शिवाय डोळ्यांच्या दृष्टीने धोक्याचेही आहे. पृष्ठभाग काळा केला पाहिजे. पण काळा म्हणजे कोणासाठी काळा? दिव्याची काजळी डोळ्यास दिसते तितकी गडद अवरक्तास नसते. तिच्या पातळ थरातून ते प्रारण अंशतः आरपार जाते. मोटारसायकलच्या सायलेन्सरला लावतात तो उष्णता सोसणारा, चमक नसलेला काळा रंग दोन्ही तरंगलांबींना चांगला चालतो.

तरीही रंगाचे शोषण शेकडा पंचाऐंशी की पंचाण्णव, हे घरी ठरविता येत नाही. यावर उपाय भूमितीत आहे. गोळ्याच्या तोंडावर पंधरा मिलिमीटर व्यासाचे व पस्तीस मिलिमीटर खोल, आरपार न जाणारे भोक पाडून ते आतून रंगवावे. तळावरून उलटलेला प्रकाश भिंतीवर पडतो, तेथे पुन्हा शोषला जातो, आणि तोंडातून बाहेर निसटण्याची संधी फारच थोड्या किरणांना मिळते. या मापांच्या पोकळीत, विखुरलेले परावर्तन धरून, रंगाचे शोषण ०·९० असल्यास पोकळीचे परिणामी शोषण ०·९९ येते. आणि रंग निकृष्ट, म्हणजे ०·८० चा, निघाला तरी ते ०·९८ च्या जवळच राहते. रंगातील दहा टक्क्यांची शंका अशा रीतीने एका टक्क्यावर येते. कृष्णपदार्थाची व्याख्या पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांना तिचा असा बाजारी उपयोग क्वचितच दाखविला जातो.

रंगाबाबत दुसरी एक दक्षता घ्यावी लागते. झोत केंद्रबिंदूवर असता रंग जळून जातो, धूर होतो व हिशेब बिघडतो. केंद्रित न केलेला, पाच मिलिमीटर व्यासाचा, तीस वॅटचा झोतही दर चौरस सेंटिमीटरला दीडशे वॅट देतो. पन्नास मायक्रोमीटर जाडीच्या रंगातून एवढी उष्णता धातूपर्यंत पोहोचण्यास रंगाच्या दोन बाजूंत पावणेचारशे अंशांचा फरक पडावा लागेल. झोत दहा मिलिमीटरपर्यंत पसरू दिला तर तोच फरक शंभर अंशांच्या आत येतो. म्हणून रंग पातळ द्यावा, व गोळा केंद्रबिंदूच्या बराच खाली ठेवावा. पन्नास मिलिमीटर केंद्रांतराच्या भिंगाखाली, केंद्रबिंदूपासून शंभर मिलिमीटर पुढे, पाच मिलिमीटरचा झोत दुप्पट रुंद होतो. जागा अपुरी असेल तर भिंग काढून मापन करावे, व कमी अवधीचा एक पूर्वप्रयोग करून धूर येतो का ते पाहावे. धूर दिसला की ते वाचन टाकून द्यावे.

प्रत्यक्ष प्रयोग

आरंभी सावधगिरीचे दोन शब्द. वायूच्या नळीस पंधरा-वीस हजार व्होल्टचे विभवांतर दिलेले असते व ते प्राणघातक आहे. यंत्र बंद केल्यावरही विद्युत् भार काही काळ टिकतो. नळीच्या कप्प्याला हात लावण्याचे या मापनात काहीच कारण नाही. गोळा पेटीत ठेवून झाकण बंद करूनच झोत सुरू करावा. काच व ॲक्रिलिक १०·६ मायक्रोमीटरला अपारदर्शक असल्याने त्या यंत्राचे पारदर्शक झाकण विखुरलेल्या प्रारणास अडविते. तेच झाकण निळ्या डायोडापुढे खिडकीच्या काचेइतकेच निरुपयोगी आहे, आणि निळा प्रकाश थेट दृष्टिपटलावर केंद्रित होतो. तेथे त्या तरंगलांबीसाठी प्रमाणित केलेला चष्मा हवाच. साधा काळा गॉगल हवा तो नव्हे.

कृती अशी. गोळा लाकडाच्या तीन टोकदार तुकड्यांवर ठेवावा, म्हणजे उष्णता खाली झिरपणार नाही. बाजूस पाडलेल्या बारीक छिद्रात थोडे उष्णतावाहक मलम घालून तपयुग्माचे टोक बसवावे. प्रयोगशाळेतील दशांश अंशाचा पाऱ्याचा तापमापकही चालेल. आपणांस फरक हवा आहे, निरपेक्ष तापमान नव्हे. म्हणून तापमापक अर्ध्या अंशाने चुकीचा असला तरी बिघडत नाही. दुरून रोखण्याचा अवरक्त तापमापक मात्र चकचकीत धातूवर भलतेच आकडे दाखवितो, तो घेऊ नये. प्रथम पाच मिनिटे दर अर्ध्या मिनिटास तापमान लिहावे, नंतर मोजून साठ सेकंद झोत द्यावा, आणि पुन्हा पाच मिनिटे वाचने चालू ठेवावीत. नंतरच्या उताराची रेषा आलेखावर मागे वाढवून झोताच्या मध्यकाळापाशी तापमानाची उडी किती हे वाचावे. या आकाराच्या गोळ्याची निवण्याची गती फार मंद असते. एका मिनिटात होणारी तूट शेकडा एक-दीडच्या आसपास भरते. तीही नको असल्यास रम्फर्डची जुनी क्लृप्ती आहे : गोळा माठातल्या पाण्याने खोलीच्या तापमानाखाली चार अंश आणून, कोरडा पुसून प्रारंभ करावा, म्हणजे पूर्वार्धात आत आलेली उष्णता उत्तरार्धात बाहेर जाते.

उदाहरणासाठी सोयीचे आकडे घेऊ. बॅटरी जोडली असता विभवांतर १२·२ व्होल्ट व प्रवाह २·६ अँपिअर, म्हणजे ३१·७ वॅट. साठ सेकंदांत १९०३ ज्यूल दिले व दुरुस्त केलेली वाढ ७·६ अंश आली. यावरून रोधकासह गोळ्याची उष्णताधारकता दर अंशास २५० ज्यूल. नुसत्या वजनावरून ती २२५ येत होती. म्हणजे रोधक व स्क्रू यांकडे दुर्लक्ष केले असते तर उत्तर दहा टक्के चुकले असते. आता लेसरचा झोत साठ सेकंद देऊन वाढ ७·१ अंश आली असे समजा. शोषलेली ऊर्जा १७७५ ज्यूल, शक्ती २९·६ वॅट. पोकळीचे शोषण ०·९८ धरून भागल्यास झोताची शक्ती ३०·२ वॅट. तापमानाचे वाचन दोन्ही वेळा दीड टक्का, विजेचे एक टक्का, शोषण एक ते दोन टक्के, हाताने दाबलेल्या कळेचा अर्धा टक्का अशी अनिश्चितता धरली, तर वर्गांच्या बेरजेचे मूळ तीन टक्क्यांच्या आसपास येते. नवख्याने पाच धरावे. ४० च्या शिक्क्याशी भांडण्यास तेवढी अचूकता पुरेशी आहे.

रिसोडच्या यंत्रात काय निघाले

विद्यार्थ्याने गोळा गावातील लेथवर करवून घेतला, आणि बॅटरी एका मित्राच्या ट्रॅक्टरची वापरली. त्याची मापने आली तेव्हा विक्रेता व विद्यार्थी दोघेही अंशतः बरोबर ठरले. पहिल्या आरशानंतर मिळणारी शक्ती तिसाच्या जवळ होती. सातशे मिलिमीटरच्या नळीकडून तेवढीच अपेक्षा. मात्र भिंगाखाली पोहोचेपर्यंत तिचा तिसरा हिस्सा नाहीसा होत होता.

या दुसऱ्या निष्कर्षाचे मोल पहिल्याहून अधिक आहे, आणि तो अधिक विश्वासार्हही आहे. तोच गोळा, तेच भोक, तोच रंग दोन ठिकाणी वापरल्यास दोन वाचनांच्या गुणोत्तरातून शोषण व उष्णताधारकता दोन्ही वगळली जातात. विजेने अंशशोधन केले नसते तरी गुणोत्तर खरेच आले असते. चांगला आरसा शेकडा अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव परावर्तन करतो. तीन आरसे व एक भिंग मिळून सात-आठ टक्क्यांहून अधिक हानी होता कामा नये. तेहतीस टक्के हानी म्हणजे कोठेतरी घाण किंवा तिरपेपणा. दुसऱ्या व तिसऱ्या आरशांमधील वाचनांनी दोष तिसऱ्या आरशावर आणून ठेवला. लाकडी फळ्यांच्या धुरातील डांबर त्यावर बसले होते. शोषलेल्या शक्तीने आरसा तापत होता, तापलेल्या आरशावर डांबर आणखी घट्ट होत होते. शुद्ध अल्कोहोल व मऊ कापूस यांनी तो पुसल्यावर बहुतेक शक्ती परत आली. पहिल्या आरशापाशी मापन करताना झाकणाची सुरक्षा-कळ चुकविण्याचा मोह होतो. त्याने तसे न करता गोळा आत ठेवून झाकण लावले, हे नमूद करतो.

उरली वैशाखाची तक्रार. आरसा स्वच्छ झाल्यावरही सकाळचे व दुपारचे वाचन सारखे येईना. १०·६ मायक्रोमीटरच्या संक्रमणाची खालची पातळी मूळ पातळीपेक्षा दर सेंटिमीटरला १३८८ तरंग एवढ्या ऊर्जेने वर आहे. बोल्ट्झमनच्या सूत्रात घालून पाहिल्यास, वायू ४०० केल्व्हिनला असता या पातळीतील रेणूंचे मूळ पातळीशी प्रमाण शेकडा ०·७ असते. ५०० केल्व्हिनला ते १·८ होते. लेसरचे सारे बळ वरची पातळी भरलेली व खालची रिकामी असण्यात आहे. वायू तापला की खालची पातळी नुसत्या उष्णतेनेच भरू लागते, आणि वीज तेवढीच ओढूनही प्रकाश घटतो. वायूची उष्णता हेलियममार्गे नळीच्या भिंतीस व तेथून भोवती खेळविलेल्या पाण्यास जाते. ते पाणी पंधरा ते पंचवीस अंशांच्या दरम्यान असावे असा दंडक आहे. विदर्भात मे महिन्यात दुपारी हवाच बेचाळीस अंशांवर जाते. पत्र्याखालच्या बादलीतील पाणी पस्तिसाखाली राहात नाही.

यावर शीतकयंत्र हा महाग उपाय. विदर्भातील कोरडा उन्हाळा मात्र स्वस्त उपायही देतो. बेचाळीस अंश तापमान व शेकडा वीस सापेक्ष आर्द्रता असता ओल्या फडक्याच्या तापमापकावर सुमारे चोवीस अंश दिसतात, आणि सावलीतील झिरपता रांजण त्याच दिशेने उतरतो. नळीची उष्णता काही शेकडा वॅट असल्याने एक माठ पुरणार नाही. मोठा रांजण किंवा वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी फिरविणारा घरगुती कूलर घ्यावा लागेल. विद्यार्थ्याने कूलरच्या टाकीतूनच पाणी फिरविले व गोळ्याने दर तासास वाचने घेतली. दुपारची घट पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाली. कूलरच्या पाण्यात क्षार साचतात व त्याची विद्युत्‌वाहकता वाढते, म्हणून नळीचे शुद्ध पाणी वेगळ्या बंद वेटोळ्यातून नेऊन ते वेटोळे टाकीत बुडविणे अधिक श्रेयस्कर, असे त्यास सुचविले आहे.

जूनच्या पावसानंतर हा उपाय लंगडा पडतो, कारण हवाच दमट होते. तेव्हा पाण्यात बर्फ टाकण्याची बुद्धी होते, ती आवरावी. जुलैत दवबिंदू बावीस-तेवीस अंशांच्या आसपास असतो. पाणी त्याखाली गेले की नळीच्या बाहेरच्या काचेवर दव धरते, आणि वीस हजार व्होल्टच्या अग्राशेजारी दव म्हणजे ठिणगीला वाट. पावसाळ्यात पाणी पंचविसावर ठेवून जी शक्ती मिळेल ती गोळ्याने मोजावी व कापण्याची गती तिला अनुसरून उतरवावी.